गिऱ्हाइकाची वाट आणि दुकानाची पाटी



व्याख्यानमालेत व्यापाराचा विषय आला की काही जणांच्या कपाळाला आठी पडते, याची मला कल्पना आहे. परंतु आपल्या कर्जतचा लौकिक दूरवर गेला तो पुष्कळसा एका साध्या धंद्यामुळेच. कर्जत म्हटले की मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला प्रथम आठवतो तो दिवाडकरांचा बटाटावडा. त्याला चव आहे हे खरेच. पण या प्रसिद्धीमागे दुसरेही एक कारण आहे. 1863 साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. घाट चढायचा म्हणजे गाडीला जादा इंजिन जोडावे लागे (पुष्कळ गाड्यांना ते आजही लागते), आणि त्यासाठी गाडी कर्जतला थांबे. गाडी थांबली की प्रवाशाला भूक आठवे आणि वडेवाला समोर उभा असे. चव वडेवाल्याची, पण गिऱ्हाईक आणून देई ते इंजिन.

आता परिस्थिती पालटली आहे. 2002 पासून द्रुतगती मार्ग पूर्णपणे वाहता झाला आणि हजारो मोटारी खालापूर तालुक्यातून जातात, पण गावात शिरत नाहीत. शिरतात त्या कोणाच्या? ज्याने आदल्या रात्री दादरला किंवा चिंचवडला घरी बसून हातातल्या फोनला विचारलेले असते, ‘कर्जतजवळ दोन दिवस राहण्याची सोय कोठे आहे?’, त्याच्या. इंजिन जोडण्याचा जुना थांबा जे काम करी, ते काम आता हा प्रश्न करतो. त्या क्षणी आपले नाव पुढे येणार की नाही, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम हे शोधयंत्र काम कसे करते ते पाहू. यात जादू काही नाही. गूगलसारखी संस्था आपल्या यंत्रांकरवी जगभरची संकेतस्थळे सतत वाचून काढते. त्यांत कोणता शब्द कोठे आला याची ती एक प्रचंड सूची करते, आपण पुस्तकाच्या शेवटी विषयसूची देतो तशी. कोणी प्रश्न विचारला म्हणजे ती त्या सूचीतून उत्तरे काढते आणि क्रमाने मांडते. 1998 साली ही संस्था निघाली तेव्हा तिची मुख्य युक्ती अशी होती की, ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात ते पान महत्त्वाचे मानावे. चार भल्या माणसांनी ज्याचे नाव घेतले तो वैद्य चांगला, असेच आपणही मानतो. आज क्रम लावण्याचे निकष पुष्कळ वाढले आहेत, तरी तत्त्व तेच आहे.

गावातले दुकान, खाणावळ, दवाखाना यांच्या बाबतीत गूगलने स्वतः तीन कसोट्या सांगितल्या आहेत. पहिली जुळणी, म्हणजे विचारणाऱ्याला जे हवे ते तुमच्याकडे आहे काय? दुसरी अंतर, आणि तिसरी लौकिक. यांपैकी अंतर आपल्या हातचे नाही. दुकान आहे तेथे आहे. परंतु जुळणी आणि लौकिक या दोन गोष्टी पुष्कळशा आपल्या हातात असतात. पैसे भरून या क्रमात वर जाता येत नाही, असेही गूगलने स्पष्ट म्हटले आहे.

जुळणी म्हणजे काय, ते समजून घेण्यास आपल्या दोन तालुक्यांइतके चांगले उदाहरण सापडणार नाही. कर्जत दोन आहेत. एक आपले, रायगड जिल्ह्यातले, पिन 410201. दुसरे घाटापलीकडचे, अहिल्यानगर जिल्ह्यातले, पिन 414402. महडही ऐकायला एक आणि असायला दोन. अष्टविनायकांतील वरदविनायकाचे महड खालापूर तालुक्यात, खोपोलीजवळ; आणि रायगड किल्ल्याच्या वाटेवरचे, 1927 च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे महाड सावित्रीकाठी. दोन्ही एकाच जिल्ह्यात आणि रस्त्याने शंभराहून अधिक किलोमीटर दूर! मराठीत एका कान्याचा फरक तरी दिसतो. इंग्रजी अक्षरांत तोही उरत नाही. आता वरदविनायकाच्या देवळाजवळील एखाद्या बाईंनी आपल्या खाणावळीचा पत्ता नुसता ‘महड, रायगड’ एवढाच दिला, तर यंत्राने काय समजावे? माणूस एखादे वेळी तर्क करील; यंत्राला सांगितले पाहिजे. ‘वरदविनायक मंदिराजवळ, महड, तालुका खालापूर, खोपोलीजवळ’ असे पुरते लिहिले म्हणजे शंका राहत नाही.

तेव्हा करावयाचे पहिले काम म्हणजे गूगलच्या नकाशावर आपल्या धंद्याची नोंद करणे. तिला ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात आणि तिला एक पैसाही लागत नाही. दुकान खरोखर आहे याची खात्री करण्यासाठी बहुधा पाटी, आतली मांडणी आणि आजूबाजूचा रस्ता दाखवणारी छोटी चित्रफीत मागतात. नाव पाटीवर असेल तेच द्यावे. नावापुढे ‘स्वस्त’, ‘सर्वोत्तम’, ‘कर्जतमधील नंबर एक’ अशी शेपटे लावणे नियमाविरुद्ध आहे, आणि त्यापायी नोंद बंदही होऊ शकते. नकाशावरची खूण दाराशी नेमकी ठेवावी. नाहीतर पाहुणा ओढ्याच्या पलीकडे उभा राहून फोन करीत बसतो. नाव, पत्ता आणि फोन या तीन गोष्टी जेथे जेथे असतील तेथे अगदी एकसारख्या असाव्यात.

दुसरे काम वर्णनाचे. येथे आपली मंडळी फार चुकतात. ‘निसर्गरम्य वातावरणात अविस्मरणीय अनुभव’ असे लिहितात. मी विचारतो, असे शब्द कोण शोधतो? गिऱ्हाईक विचारते ते साधे असते. भिवपुरी स्थानकापासून रिक्षा मिळते का? पावसात मोटार दारापर्यंत येते का? वृद्ध आईला जिने चढावे लागतील का? शाकाहारी जेवण मिळते का, आणि माणशी किती? आठवडाभर येणाऱ्या फोनवर लोक काय विचारतात ते एका वहीत लिहून ठेवा. तेच प्रश्न आणि त्यांची खरी उत्तरे आपल्या पानावर घाला. मराठीत घाला, हिंदीत घाला, इंग्रजीतही घाला, कारण विचारणारा कोणत्या भाषेत विचारील याचा नेम नाही. दरपत्रक छापील कागदाचे छायाचित्र काढून लावू नका, अक्षरांत लिहा. चित्रातली अक्षरे यंत्राला नीट वाचता येतीलच असे नाही. छायाचित्रे मात्र स्वतःच्या जागेची, अलीकडची आणि आकाराने हलकी असावीत, म्हणजे डोंगराच्या कुशीत जेथे फोनला धड रेंज नसते तेथेही पान उघडेल.

तिसरे काम लौकिकाचे. गिऱ्हाईक गेल्यावर जे लिहून ठेवते, ते अभिप्राय म्हणजे आजची तोंडी कीर्ती. अभिप्राय मागण्यात लाज नाही. निरोप घेताना ‘जे वाटले ते लिहा’ एवढे म्हणावे. पण अभिप्राय विकत घेऊ नयेत, भाच्या-पुतण्यांकडून लिहवूनही घेऊ नयेत. यंत्र असे खोटे ओळखण्याचा सतत प्रयत्न करीत असते, आणि भारतीय मानक ब्यूरोनेही 2022 साली अशा अभिप्रायांसाठी मानक ठरवून दिले आहे. कोणी तक्रार लिहिली तर तिला रागाने उत्तर देऊ नका. ‘त्या दिवशी पाणी गेले होते, आता टाकी बसवली आहे’ असे सरळ उत्तर पुढच्या दहा वाचकांचा विश्वास मिळवते.

आता पैसे देऊन केलेल्या जाहिरातीविषयी. ती ‘प्रायोजित’ असे लेबल लावून वेगळी दाखवली जाते. ती वाईट नाही, पण हिशोब हवा. समजा तुम्ही 3000 रुपये खर्च केले, 60 जणांनी पान उघडले, 6 जणांनी फोन केला आणि 2 कुटुंबे आली. म्हणजे एका कुटुंबामागे 1500 रुपये पडले. त्यांच्याकडून खर्च वजा जाता त्याहून अधिक सुटत असेल तर जाहिरात चालू ठेवा, नसेल तर बंद करा. आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘आमचे नाव कोठे कळले?’ असे विचारून वहीत एक रेघ मारा. या वहीसारखा स्वस्त सल्लागार नाही.

सल्लागारावरून आठवले, एका गोष्टीची सावधगिरी अवश्य बाळगा. ‘तुम्हाला पहिल्या क्रमांकावर आणतो, हमी देतो’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. नोंदीचे मालकत्व आणि तिची कळ स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर ठेवा. कामाला दुसरा माणूस लावलात तर त्याला व्यवस्थापक करा, मालक करू नका. नाहीतर तो गेला की दुकानाची पाटीही त्याच्याबरोबर जाते. ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवावे.

शेवटी एक गंभीर गोष्ट. आपल्याकडचे पुष्कळसे गिऱ्हाईक पावसाळ्यात येते, आणि पावसाळ्यातच आपला डोंगर रागावतो. 2023 च्या जुलैत खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ते दुःख आपण विसरलेलो नाही. धबधब्यांवर आणि धरणांवर प्रशासन वेळोवेळी मनाई-हुकूम काढते. अशा वेळी पानावर धबधब्यात उड्या मारणाऱ्या मुलांचे चित्र ठेवून गिऱ्हाईक बोलावणे हा व्यापार नव्हे. ‘या आठवड्यात धबधब्यावर जाण्यास मनाई आहे, मुक्काम आणि जेवण चालू आहे’ असे लिहिलेत तर दोन आरक्षणे कदाचित जातील. पण घरी सुखरूप परतलेले कुटुंब पुढच्या वर्षी पुन्हा येईल आणि आपल्याविषयी चांगले चार शब्द लिहील. शोधयंत्राला जो लौकिक लागतो तो असाच, एकेका पाहुण्यागणिक जमतो.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, आपण आपली माहिती दिली नाही तर ती जागा रिकामी राहत नाही. मुंबईत बसलेला कोणी मध्यस्थ आपल्या गावाचे नाव वापरून पुढे येतो, दलाली कापून घेतो, आणि भाकरी भाजणाऱ्या बाईच्या वा जांभळे-करवंदे विकणाऱ्या कातकरी भगिनीच्या हाती थोडेच उरते. म्हणून आज घरी गेल्यावर एवढेच करा. फोनवर स्वतःच्या दुकानाचे नाव न घालता, परक्या माणसाने विचारावे तसे विचारून पाहा. जे उत्तर येईल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्यात आपले नाव नसेल, किंवा असून फोन जुना असेल, तर उद्या सकाळी दुकान उघडण्यापूर्वी करावयाचे काम कोणते, ते मी निराळे सांगायला नको.