शब्दांची बिऱ्हाडं : रस्टिकेट

‘पुन्हा कॉपी करताना सापडलास तर रस्टिकेट होशील!’ कॉलेजात पाऊल टाकलेल्या बहुतेकांनी ही धमकी ऐकलेली असते. शब्दाचं मूळ मात्र अगदी निरुपद्रवी. लॅटिनमध्ये ‘रुस’ म्हणजे शेतशिवार, गावाकडचा मुलूख. त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ एवढाच, की गावाकडे जाऊन राहणं. ऑक्सफर्ड-केंब्रिजने त्याची शिक्षा केली. ठरावीक मुदत विद्यापीठाबाहेर काढायची, मग परत यायचं. कायमचा घालवलेला तो ‘सेंट डाउन’.

गंमत अशी, की शिक्षा झालेला गावी जाईच असं नाही. कवी मिल्टनचं १६२६च्या सुमारास केंब्रिजमध्ये आपल्या शिक्षकाशी वाजलं आणि त्याची रवानगी घरी झाली. घर होतं लंडनला! तिथल्या नाटकांत तो इतका रमला, की मित्राला लिहिलेल्या लॅटिन कवितेत त्याने या हद्दपारीचं कौतुकच केलं. ऑस्कर वाइल्डला १८७७ मध्ये ऑक्सफर्डने रस्टिकेट केलं, ते ग्रीसच्या सहलीहून उशिरा परतल्याबद्दल.

पाचगणीत तर हा शब्द पार उलटा होतो. १८६०च्या दशकात जॉन चेसनने हे ठिकाण वसवलं ते इंग्रजांना मैदानी उकाड्यापासून दूर राहता यावं म्हणून. पुढे निवासी शाळा आल्या. १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरियांनी क्षयरुग्णांसाठी बेल-एअर आरोग्यधाम उभारलं. मूळ लॅटिन अर्थाने पाहिलं तर इथे आलेला प्रत्येक विद्यार्थी आणि रुग्ण रस्टिकेटच झालेला. उलट शाळेने एखाद्या मुंबईकर पोराला महिनाभर घरी धाडलं, तर तो पसरणीचा घाट उतरून थेट महानगरात. शिक्षा कुठली, बक्षीसच म्हणायचं. अर्थात आईबापांना तसं वाटणार नाही.

मराठी मुलखातलं गाजलेलं उदाहरण पुण्याचं. १९०५ मध्ये विदेशी कापडाची होळी केल्याबद्दल विनायक सावरकरांना फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहातून काढलं गेलं आणि दहा रुपये दंड झाला. प्राचार्य होते रँग्लर परांजपे. चरित्रग्रंथांत या कारवाईला ‘रस्टिकेट’ म्हटलेलं सापडतं. पण वर्ग बंद झाले नव्हते, फक्त खोली गेली होती. सावरकर पुढे बी.ए. झालेच.

आपल्याकडे हा शब्द असाच सैल वापरला जातो. काटेकोर बोलायचं तर सस्पेंड म्हणजे बहुधा चौकशी होईपर्यंत दूर ठेवणं. रस्टिकेट म्हणजे दोष ठरल्यावर सत्र किंवा वर्षापुरतं काढणं, आणि एक्स्पेल म्हणजे कायमचं. यातलं शेवटचं पाऊल शाळांना मनाला येईल तसं उचलता येत नाही. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला काढून टाकण्यास शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ मनाई करतं.

पुढच्या आठवड्यात ‘फर्लो’. सैनिकाच्या रजेचा हा शब्द येरवड्याच्या कैद्यापर्यंत कसा पोहोचला, ते पाहू.