मार्गारेट रिव्हरला गाडी कोण चालवणार?

ऑस्ट्रेलियातला हा वाइनचा प्रदेश पर्थहून दक्षिणेला साधारण २७० किलोमीटर, गाडीने तीन तास. डावीकडूनच चालवायचं असल्याने आपल्याकडच्यांना मार्गारेट रिव्हर सोपं वाटतं. वाट सोपी आहेही. चुकतात ते हिशेब.

‘गाडी चालवणाऱ्याने घोटभर चाखलं तर काय होतंय?’ बरंच होतं. एक नमुना सुमारे ३० मिलिलिटरचा. पाच-सहा नमुन्यांत दीडशेच्या वर वाइन पोटात जाते, म्हणजे तिथल्या मापाने दीड ‘स्टँडर्ड ड्रिंक’, आणि ही झाली फक्त पहिली वायनरी! रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आहे, शिवाय पोलीस कुणालाही थांबवून श्वास तपासतात. काउंटरवरचं भांडं थुंकण्यासाठीच असतं. यजमानासमोर थुंकायचं कसं, हा आपला संकोच. तिथे त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तरीही चालकाने त्या दिवशी न पिणंच बरं.

‘समुद्राकाठी कसली द्राक्षं?’ हा नाशिककरांचा हमखास प्रश्न. उलट इथली सगळी किमया समुद्राचीच आहे. तीन बाजूंनी पाणी असल्याने कडाका पडत नाही आणि उन्हाळाही भाजून काढत नाही. पाऊस हिवाळ्यात पडतो, द्राक्षं पिकताना हवा कोरडी असते. शेतीशास्त्रज्ञ जॉन ग्लॅडस्टोन्स यांनी १९६५-६६ मध्ये हे मांडलं. १९६७ मध्ये टॉम कलिटी या पर्थच्या डॉक्टरांनी ‘वास फेलिक्स’ची लागवड केली. कॅबरने सोविन्यों आणि शार्डने ही इथली खरी ओळख. त्रास पाखरांचा. आपल्या चष्मेवाल्याचा एक भाऊबंद इथे आहे. मारी नावाच्या रानझाडांना फुलोरा चांगला आला तर तो मधावर खूश असतो; फुलोरा हुकला की थेट बागेत. म्हणून ओळीच्या ओळी जाळीखाली दिसतात.

‘दक्षिण गोलार्ध, म्हणजे आपल्या उलट हंगाम’ हेही पुरतं खरं नाही. तिथली तोडणी फेब्रुवारी ते एप्रिलची. नाशिकलाही ऑक्टोबरच्या छाटणीनंतर माल जानेवारी ते मार्चमध्येच उतरतो.

रात्री रस्ता मोकळा असतो म्हणून उशिरा निघू नका. तिन्हीसांजेपासून कांगारू आडवे येतात.

न पिणाऱ्यांसाठी गुहा आहेत, केप लीविनचं १८९५चं दीपगृह आहे.

येताना बाटल्या? भारतात माणशी दोन लिटरपर्यंत सूट आहे. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात. तिसरी घेतलीत तर ड्युटीची तयारी ठेवा.