तक्त्यात न आलेल्या बायका

बचत गटाच्या बैठकीत मी एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचा, तक्ता भिंतीवर लावते, तेव्हा बायका आधी महाराष्ट्राची ओळ शोधतात. 2022 साली देशात महिलांविरुद्धचे 4,45,256 गुन्हे नोंदले गेले, त्यातले 45,331 आपल्या राज्यात. उत्तर प्रदेशाखालोखाल आपला नंबर. लगेच कोणीतरी म्हणतं, "बाई, म्हणजे आपल्याकडं लईच वाईट दिसतंय."

मी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची विधी स्वयंसेवक झाले. सातारा जिल्ह्यातली गावं फिरते, आणि शेकडेवारी शिकवायची खोड अजून गेलेली नाही. म्हणून त्या बाईंना सांगते की मोठ्या राज्याचा आकडा मोठाच असणार, लोकसंख्येने भागून बघा. देशाचा दर लाख महिलांमागे 66.4 येतो, दिल्लीचा 144.4. पण हा भागाकारही अर्धवटच आहे. गुन्हे वाढणं वेगळं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं वेगळं, असा इशारा एनसीआरबी स्वतःच अहवालात देते. जिथं बाई ठाण्यात जायला धजावते आणि तिथला माणूस लिहून घेतो, तिथला आकडा फुगतो. शून्य गुन्ह्यांचं गाव दिसलं की मला तरी आधी शंका येते.

शेजारी दुसरा तक्ता असतो, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा. इथं पोलीस नसतात, घरी येऊन एकांतात प्रश्न विचारतात. 2019-21 च्या फेरीत लग्न झालेल्या 29 टक्क्यांहून अधिक बायकांनी नवऱ्याची मारहाण वा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली जेमतेम 14 टक्क्यांनी, तीही बहुतेकींनी माहेरच्यांकडेच. दोन तक्ते शेजारी लावले की मधली पोकळी दिसते. ती पोकळी कशी तयार होते, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण बायकांचा हक्क तिथंच हरवतो.

ठाण्यात गेलेली बाई सांगते, "नवऱ्यानं शिव्या दिल्या, मारलं." अंमलदार लिहितो: शिवीगाळ, किरकोळ मारहाण. झाली एनसी, म्हणजे अदखलपात्र. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, आणि एनसीआरबी मोजते फक्त दखलपात्र गुन्हे. बाईच्या हातात एक कागद येतो, तिला वाटतं केस झाली. प्रत्यक्षात ती देशाच्या तक्त्यात कुठेच नसते. तीच बाई जर सांगेल की हे लग्नापासून चाललंय, माहेरून पैसे आणायला लावतात, उपाशी ठेवतात, मागे दवाखान्यात टाके पडले होते, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 चा, जुन्या 498-अ चा गुन्हा होतो. तो दखलपात्र आहे. तिने खोटं काही सांगायचं नाही. फक्त कालच्या रात्रीपुरतं न सांगता सगळं सांगायचं. 2022 च्या एकूण आकड्यात सर्वात मोठा वाटा याच गुन्ह्याचा होता, सुमारे 31 टक्के.

नोंद झाली तरी मोजणीत एक खुबी आहे. एका गुन्ह्यात अनेक कलमं लागली तर सर्वात जड शिक्षेचं एकच मोजतात. हुंडाबळीच्या गुन्ह्यात छळाचं कलमही असलं, तरी तक्त्यात ती फक्त हुंडाबळी. तिचा आधीचा छळ संपूर्ण पुसला जातो. माझ्या वर्गात असं कोणी मोजलं असतं तर मी पट्टी उगारली असती.

आता कोणी लिहूनच घेत नसेल तर? 2013 साली ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद करावीच लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत हद्दीचं कारणही उरलं नाही. कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होते. नाहीच केली तर तक्रार लिहून पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची, त्यानंतर न्यायदंडाधिकारी. बलात्कार, अॅसिडहल्ला अशा गुन्ह्यांत नोंद नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा वाचते. मागच्या रांगेतला पोलीस पाटील तेव्हा हटकून मोबाईल बघायला लागतो.

एफआयआरची प्रत फुकट मिळते. नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे पीडितेला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे तर बऱ्याच वकिलांच्याही तोंडून मी ऐकलेलं नाही. बलात्कार वा अॅसिडहल्ल्यातल्या पीडितेवर उपचार फुकट करायचे, खाजगी दवाखान्यानेही. "आधी डिपॉझिट भरा" म्हणणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

भरपाईचा विषय निघाला की सभा जागी होते. बहुतेकींचा समज असा की आरोपीला शिक्षा झाल्यावरच पैसे. 2022 साली बलात्काराच्या खटल्यांत शिक्षेचं प्रमाण सुमारे 27 टक्के होतं. त्यावर थांबलं तर बहुतेकींच्या हाती काहीच लागणार नाही. पण ही भरपाई सरकार देतं, आणि आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. ही तरतूद 2009 च्या अखेरीस कायद्यात आली. महाराष्ट्रात 2 ऑक्टोबर 2013 पासून मनोधैर्य योजना आहे: बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि अॅसिडहल्ला यांसाठी. 2017 च्या अखेरीस तिची मर्यादा 10 लाखांपर्यंत वाढली.

"वकील कोण देणार बाई?" हा शेवटचा प्रश्न ठरलेला. 15100 हा नंबर मी फळ्यावर मोठ्ठा लिहिते. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील स्त्रीला फुकट मिळतो, मग ती मजूर असो की बागायतदाराची सून. उत्पन्नाची अट तिला नाहीच. कोणी नवऱ्याच्या पगाराचा दाखला मागितला तर विधी सेवा कायद्याचं कलम 12 दाखवायचं, आणि तरीही अडवलं तर अर्ज तसाच आवकला देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यायची.