मुलीचे एकाकीपण आणि घराचा आधार

वयात आलेली मुलगी मैत्रिणींपासून तुटते, दिवस दिवस खोलीबाहेर येत नाही; क्षुल्लक शब्दावरून संतापते आणि घटकाभराने ‘मला सोडून जाऊ नका’ म्हणत आईला बिलगते. शेजारी याला हट्टीपणा म्हणतात, कोणी बाहेरची बाधा समजतात, तर ‘लग्न करून द्या, सुधारेल’ असा सल्लाही मिळतो. वास्तविक हा बॉर्डरलाइन अर्थात सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार असू शकतो. त्याचे निदान मात्र मनोविकारतज्ज्ञांनीच करावयाचे असते.

या विकारात भावनांचा आवेग तीव्र असतो व तो लवकर ओसरत नाही. आपणांस टाकून दिले जाईल, ही भीती मनात घर करून असते. त्या भीतीपोटी मुलगी माणसांना घट्ट धरते, दुखावली की दूर लोटते आणि अखेरीस एकाकी पडते. विवाहाने ही भीती जात नाही. उलट नव्या घरात ती वाढण्याचा संभव असतो.

औषधांचे साहाय्य होते. तथापि मुख्य उपचार मानसोपचार हाच होय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी या विकारासाठी जी पद्धती विकसित केली व १९९३ साली ग्रंथरूपाने मांडली, तिचे मर्म घरासही उपयुक्त आहे : भावना मान्य करावी आणि वर्तन बदलण्यास साहाय्य करावे. ‘तुला वाईट वाटले, हे मला समजते’ असे प्रथम म्हणावे. ‘परंतु भांडी फेकलेली चालणार नाहीत’ हे नंतर, शांतपणे सांगावे. आज घातलेली मर्यादा उद्या मोडू नये. समारंभात ओढून नेण्यापेक्षा एखाद्या विश्वासू मावशीची आठवड्याची ठरलेली भेट अधिक हितावह ठरते. शिक्षकांनीही गैरहजर विद्यार्थिनीची आपुलकीने विचारपूस करावी.

स्वतःला इजा करणे किंवा मरणाची भाषा यांस नाटक समजू नये. त्याविषयी स्पष्ट विचारल्याने तो विचार बळावत नाही. कीटकनाशके व औषधे कुलुपात ठेवावीत. पोलिसांच्या धास्तीने प्रकार लपविण्याचेही कारण नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार, अन्यथा सिद्ध न झाल्यास, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते व तिला शिक्षा होत नाही. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

योग्य उपचारांनी अनेक रुग्णांची लक्षणे काही वर्षांत ओसरतात. तोवर घराने धीर सोडू नये आणि गावाने त्या घरास दोष देऊ नये.