वर्गांत कोणता प्राणी पाळावा?

जून महिन्यांत शाळा उघडतात आणि दोनचार आठवड्यांतच एकाद्या उत्साही वर्गांत प्रश्न निघतो कीं, आपल्या वर्गासाठीं एकादा प्राणी पाळावयाचा का? मुलें एका आवाजांत होकार देतात. कोणी ससा सुचवितो, कोणी पोपट, कोणाच्या मामाकडे कासव असतें. शिक्षकांनाहि कल्पना पसंत पडते. कारण पुस्तकांतील चित्रापेक्षां जिवंत प्राणी अधिक शिकवितो, हें कोणीहि अमान्य करणार नाहीं. मग घरोघरीं चिठ्ठी जाते, वर्गणी जमते आणि पिंजरा येतो. या सर्व खटाटोपांत त्या प्राण्याच्या सोयीचा विचार मात्र सर्वांत शेवटीं होतो. आणि पुष्कळदां तो मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत होतो. कारण तेव्हां शाळेला कुलूप लागतें आणि पिंजऱ्यांत कोणीतरी शिल्लक राहिलेलें असतें.

म्हणून, श्रोतेहो, हा प्रश्न मी दुसऱ्या टोकाकडून हातीं घेणार आहें. मुलांना कोणता प्राणी आवडेल, असें न विचारतां आमच्या शाळेच्या वेळापत्रकांत कोणत्या प्राण्याचें आयुष्य सुखानें बसेल, असें विचारावें. शहरांतील शाळेचा दिवस डोळ्यांपुढें आणा. एका खोलींत पन्नास-साठ मुलें. पुष्कळ ठिकाणीं सकाळीं एक शाळा आणि दुपारीं त्याच बांकांवर दुसरी. म्हणजे सकाळच्या मुलांचें जें लाडकें, तें दुपारच्या मुलांच्या लेखीं परक्याचें. सायंकाळीं खिडक्या बंद, पंखे बंद. मग रविवार, सणवार, दिवाळीची सुटी आणि शेवटीं उन्हाळ्याची दीर्घ सुटी. या चौकटींत सुखानें राहील असा जीव शोधणें हें खरें काम आहे.

पोपटाचा प्रश्न कायद्यानेंच सोडविलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडील रानपांखरांना संरक्षण दिलें असून २०२२ मध्यें त्या कायद्यांत दुरुस्ती झाल्यावरहि तें कायम आहे. घरोघरीं 'मिठू मिठू' म्हणणारा हिरवा राघू पिंजऱ्यांत ठेवणें हा गुन्हा आहे, ही गोष्ट अनेक सुशिक्षित घरांतूनहि अद्याप ठाऊक नसते. बाजारांत मिळणारी मुनिया आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलें कासव यांनाहि हाच नियम लागू आहे. नागरिकशास्त्राचा तास ज्या खोलींत होतो, त्याच खोलींत असा पिंजरा टांगलेला असावा, हें शोभण्यासारखें नाहीं.

मग दुकानदार दुसरें कासव पुढें करतो. रुपयाएवढें, हिरवेंगार, कानाजवळ लाल पट्टा असलेलें. हें मूळचें अमेरिकेंतलें. तें रुपयाएवढें राहात नाहीं. जेवणाच्या ताटाएवढें होतें आणि वीस-तीस वर्षें सहज जगतें. ज्या मुलानें चौथींत असतांना तें आणलें, त्याच्या मुलांची शाळा सुरू झाली तरी तें जिवंत असूं शकेल. शेवटीं कंटाळून लोक तें तळ्यांत सोडतात आणि तेथील देशी कासवांच्या घांसावर तें हात मारतें. शिवाय अशा कासवांच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे जंतु असतात. लहान मुलांना त्यांपासून आजार होतात म्हणून अमेरिकेंत १९७५ सालीं चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घालण्यांत आली. जेथून तें आलें तेथेंच ही सावधगिरी, तर आपण तें डब्याशेजारीं कां ठेवावें?

सशाविषयीं मात्र थोडें थांबून बोललें पाहिजे, कारण सर्वांत अधिक मतें त्यालाच पडतात. ससा दिसावयास गोंडस, पण वर्गाच्या खोलीला अत्यंत अयोग्य. त्याला माणसाप्रमाणें घाम गाळून अंग थंड करतां येत नाहीं. तो बरीचशी उष्णता लांब कानांवाटे बाहेर टाकतो. हवा ३० अंशांच्या वर गेली कीं त्याचा जीव कासावीस होऊं लागतो, आणि आपल्याकडील उन्हाळा तर चाळिशीला हात लावतो. त्याचे दांत जन्मभर वाढतात. ते झिजावेत म्हणून त्याला दिवसभर गवत चघळावें लागतें. चित्रांतील गाजर हें त्याचें जेवण नव्हे, तो कधींमधींचा खाऊ. कान धरून उचलणें ही तर क्रूरताच. परंतु प्रेमानें उचलतांनाहि मागचे पाय मोकळे राहिले तर तो असे झटके देतो कीं त्याचा कणा मोडूं शकतो. आणि मुख्य गोष्ट, ससा हा भक्ष्य होणारा प्राणी आहे. वरून येणारा हात त्याला घारीसारखा वाटतो. साठ मुलांनीं कुरवाळलेला ससा निमूटपणें बसतो, तेव्हां तो माणसाळलेला असतोच असें नाहीं. पुष्कळदां तो भीतीनें थिजलेला असतो.

गिनीपिगला एकटेपणा सोसत नाहीं आणि माणसाप्रमाणें त्यालाहि आहारांतून क जीवनसत्त्व मिळावें लागतें. हॅम्स्टर दिवसा झोपतो, म्हणजे नेमका शाळेच्या वेळीं. पांढऱ्या उंदरांची जोडी ठेवली तर तीन आठवड्यांत कुटुंब वाढतें आणि वासहि. हीं नांवें येथेंच सोडून देऊं.

तर मग उरलें काय? माझ्या मतें सर्वांत उत्तम निवड कोणाच्याहि यादींत नसते. ती म्हणजे सुरवंट. खिडकींत कागदी लिंबाची किंवा कढीलिंबाची एक कुंडी ठेवावी. पावसाळ्यांत काळ्या-पिवळ्या नक्षीचें फुलपाखरूं आपण होऊन येतें आणि कोंवळ्या पानांवर मोहरीहून लहान, फिकट पिवळीं अंडीं घालून जातें. त्याला विकत घ्यावें लागत नाहीं, कीं पकडावें लागत नाहीं. तीन-चार दिवसांत सुरवंट बाहेर पडतो. प्रथम तो हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो. पक्ष्यांनीं त्याला खाऊं नये म्हणून घेतलेलें हें सोंग. कांत टाकीत टाकीत शेवटीं तो पानासारखा हिरवा होतो. काडीनें हळूच स्पर्श केला तर डोक्यामागून दुभंगलेलें नारिंगी शिंग काढतो आणि उग्र वास सोडतो. मुलांच्या आनंदाला मग पारावार राहात नाहीं! पुढें रेशमाच्या धाग्यानें स्वतःला फांदीशीं बांधून तो कोष करतो. अंड्यापासून पंखांपर्यंत सुमारें एक महिना. म्हणजे जुलैंत आरंभ केला तर दिवाळीच्या सुटीपूर्वीं दोन पिढ्या पाहून होतात आणि सुटींत पिंजऱ्यांत कोणीहि अडकलेलें नसतें.

यांत पथ्यें थोडीं, पण तीं पाळलीं पाहिजेत. बाजारांतील कढीलिंब घालूं नये. त्यावर कीटकनाशक फवारलेलें असूं शकतें आणि एका दिवसांत सारे सुरवंट मरून पडतात. तोडलेली डहाळी बाटलींतील पाण्यांत ठेवावयाची असेल तर बाटलीच्या तोंडाशीं कापूस लावावा, नाहीं तर सुरवंट देठावरून खालीं उतरून बुडतो. फुलपाखरूं कोषांतून निघतांना धडपडतें. कींव येऊन त्याला हातानें सोडवूं नये. बाहेर आल्यावर चुरगळलेले ओले पंख लोंबते ठेवून तें त्यांत अंगांतील रस भरतें, तेवढी मोकळी जागा त्याला असावी. पंख वाळले कीं खिडकी उघडावी.

कधीं कोषांतून फुलपाखराऐवजीं बारीक गांधीलमाशी बाहेर येते. तिच्या आईनें सुरवंटाच्या किंवा कोषाच्या अंगांत अंडें घातलेलें असतें. मुलें हिरमुसतात, क्वचित् रडतात. शिक्षकानें त्या दिवशीं दुसरा धडा घेऊं नये, हाच घ्यावा.

"पण सुरवंटाला जवळ घेतां येत नाहीं," असें कोणी म्हणेल. खरें आहे. ऊबदार अंगाला बिलगण्याचें सुख घरच्या कुत्र्या-मांजराकडून मिळावें. तेथें हात दोन-चार असतात. वर्ग ही पाहाण्याची जागा आहे. चार्ल्स डार्विननें आपल्या अभ्यासिकेंत कुंड्यांत गांडुळें पाळलीं होतीं. त्यांना ऐकूं येतें का हें पाहाण्यासाठीं त्यानें शिट्टी वाजविली, मोठा बॅसून वाजवून पाहिला, पियानो वाजविला. गांडुळें ढिम्म हललीं नाहींत. परंतु कुंडी पियानोवरच ठेवून सूर वाजवितांच तीं झटकन् बिळांत शिरलीं! त्यांना आवाज नव्हे, कंप कळतो. १८८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत हे प्रयोग दिलेले आहेत. शाळेंतली बाजाची पेटी आणि ओलसर मातीची कुंडी एवढ्या सामग्रीवर ते कोणताहि वर्ग करूं शकेल. डब्यांतील भाजीचीं देंठें हेंच गांडुळांचें अन्न. माती ओली मात्र राहिली पाहिजे, कारण तीं ओल्या त्वचेनेंच श्वास घेतात.

ज्यांना वर्षभर टिकणारें कांहीं हवेंच, त्यांनीं गप्पी मासे ठेवावेत. वाटोळें काचपात्र नको. चाळीस-पन्नास लिटरांची टाकी घ्यावी आणि त्यांत सहाच मासे, तेहि सगळे नर, नाहीं तर महिन्याभरांत गर्दी होईल. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन जाण्यासाठीं तें एक दिवस उघडें ठेवावें. माशांच्या मलमूत्रांतून पाण्यांत विषारी अमोनिया उतरतो. वाळूंत व गाळणींत वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट आणि मग बरेंच निरुपद्रवी असें नायट्रेट करतात. परंतु हे जंतु वाढावयास कित्येक आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवशीं दोनच मासे सोडावेत. आणि अन्न थोडें. वर्गांतले मासे उपासानें क्वचित् मरतात. प्रत्येक मुलगा प्रेमानें चिमूटभर टाकतो, त्यानें मरतात. हे मासे परदेशी आहेत, तेव्हां ते नदींत सोडूं नयेत. टाकींत हात घातल्यावर साबणानें धुवावे, हें सांगावयास नकोच.

मासा मेला तर मुलें येण्यापूर्वीं तसाच दुसरा आणून ठेवण्याची चलाखी कांहीं ठिकाणीं मायेपोटीं केली जाते. मला ती पटत नाहीं. मुलांना मासे ओळखतां येतात. तो कां मेला, पाणी केव्हां बदललें होतें, काल खाऊं घालण्याची पाळी कोणाची होती, हें सर्वांनीं मिळून शोधावें; मात्र कोणा एका मुलाच्या माथीं दोष मारूं नये.

शेवटची गोष्ट घरांतील वडील मंडळींसाठीं. प्राणी आणण्यापूर्वीं शाळेकडून चिठ्ठी आली तर वर्गणीबरोबर एक प्रश्न लिहून पाठवावा : सुटींत तो कोणाकडे राहाणार? रविवारचा उपास धडधाकट मासे सहज काढतात, दिवाळीचे तीन आठवडे नाहीं. टाकी आपल्या घरीं यावयाची असेल तर ती भरलेली उचलूं नये, कांच तडकते. मासे झांकणाच्या बादलींत घ्यावेत, जुनें पाणी दुसऱ्या बादल्यांत भरून बरोबर आणावें, तळची वाळू ओलीच ठेवावी, आणि घरीं तेंच पाणी परत ओतावें.