वैद्याची ओळख हेच औषधालयाचे भांडवल

मोठ्या कंपन्यांसारखा जाहिरातींचा खर्च परभणी, जिंतूर वा गंगाखेड येथील लहान औषधालयास झेपणारा नाही. परंतु वैद्याची स्वतःची ओळख कोणत्याही कंपनीस विकत घेता येत नाही. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये पनवेल येथे सुरू केलेला कारखाना श्रीधूतपापेश्वर या देवतेच्या नावाने ओळखला गेला. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये स्थापिलेल्या ‘विको’च्या नावात त्यांच्या वडिलांचे ‘विष्णू’ हे नाव आहे. प्रारंभी दंतमंजन घरोघरी जाऊन विकले गेले. दोन्ही ठिकाणी नावामागे श्रद्धा व माणूस उभा होता.

आपले गुरू कोण, वनौषधी कोठून येतात, कल्प कसे सिद्ध होतात, हे औषधालयाच्या माहितीपत्रकात सत्यतेने लिहावे. मात्र मर्यादा ध्यानी असावी. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार मधुमेह, कर्करोग आदी व्याधी बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात दंडनीय आहे. तोच दावा रुग्णाच्या अनुभवकथनातून केल्याने निर्दोष ठरत नाही. म्हणून कथा सांगावी ती वैद्याच्या परंपरेची आणि औषधनिर्मितीतील निष्ठेची. रोगमुक्तीच्या हमीची नव्हे.