लिंबू न पाहिलेले लिंबूफूल

किराणा मालाच्या दुकानात साखर, खडीसाखर आणि सैंधव यांच्या शेजारी एका बरणीत पांढरे, चकचकीत स्फटिक ठेवलेले असतात. कोणी त्यांना लिंबाचे फूल म्हणते, कोणी लिंबूफूल, तर कोणी लिंबूसत्व. पाकिटावर बहुधा कापलेल्या लिंबाचे चित्र असते. खमण, चिवडा, सरबत, पनीर, साखरेचा पाक यांपैकी काही ना काही ज्या घरात होते, तेथे या स्फटिकांची पुडी असतेच. फरसाणाचा व्यवसाय करणाऱ्यांकडे तर ते २५ किलोच्या पोत्याने येते. आज बाजारात मिळणाऱ्या या पदार्थाचा लिंबाशी प्रत्यक्ष संबंध मात्र राहिलेला नाही, ही गोष्ट विकणाऱ्यांपैकी आणि वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

रसायनशास्त्रात याला सायट्रिक आम्ल म्हणतात. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे ८ व ऑक्सिजनचे ७ अणू असतात. ते वासरहित असून चवीला तीव्र आंबट आहे आणि पाण्यात अत्यंत सहज विरघळते. निर्जल स्फटिक सुमारे १५३ अंश सेल्सिअसला वितळतात आणि आणखी तापवल्यास त्यांचे विघटन होते. लिंबाच्या रसात हे आम्ल साधारण ५ ते ६ टक्के असते. म्हणजे सपाट चमचाभर, सुमारे ५ ग्रॅम, स्फटिकांत जवळजवळ १०० मिलिलिटर रसाइतका आंबटपणा सामावलेला असतो. आंबटपणा तेवढा येतो, लिंबू मात्र येत नाही. ‘क’ जीवनसत्त्व हे सर्वस्वी वेगळे आम्ल आहे आणि लिंबूफुलात त्याचा लवलेशही नसतो. मुलांना सर्दी झाली म्हणून लिंबूफुलाचे सरबत देणाऱ्या घरांनी एवढे लक्षात ठेवलेले बरे.

एके काळी हे नाव सार्थ होते. स्वीडनमधील रसायनतज्ज्ञ कार्ल शेले याने १७८४ मध्ये लिंबाच्या रसापासून या आम्लाचे स्फटिक प्रथम वेगळे केले. त्याची कृती सुबोध होती. रसात चुना घालायचा, म्हणजे आम्ल चुन्याशी संयोग पावून न विरघळणाऱ्या साक्याच्या रूपाने तळाशी बसते; मग त्या साक्यावर गंधकाम्ल घालून चुना जिप्समच्या रूपाने काढून टाकायचा आणि उरलेले द्रावण आटवायचे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये याच पद्धतीने कारखानदारी उभी राहिली. कच्चा माल पुरवत असे इटली, त्यातही विशेषतः सिसिली. लिंबाच्या बागा, रस काढणाऱ्या घाण्या, साका वाळवून पिंपांत भरणारे व्यापारी असा एक मोठा संसार त्या बेटावर उभा होता आणि जगाच्या बाजारात त्याची जवळजवळ मक्तेदारी होती.

ती मक्तेदारी मोडली एका बुरशीने. कांदा फार दिवस पडून राहिला की त्यावर काळी भुकटी धरते. ती धरणाऱ्या बुरशीवर्गातील ‘ॲस्परजिलस नायजर’ ही बुरशी साखरेच्या द्रावणात वाढवली, तर ती सायट्रिक आम्ल मुबलक प्रमाणात बाहेर टाकते, हे अमेरिकन संशोधक जेम्स करी याने १९१७ मध्ये प्रसिद्ध केले. याआधी १८९३ मध्ये वेमर या जर्मन संशोधकाला दुसऱ्या एका बुरशीत हा गुण आढळला होता. पण त्यातून व्यवसाय उभा राहिला नव्हता. करीला फायझर कंपनीने आपल्याकडे घेतले आणि १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात साखरेपासून उत्पादन सुरू झाले. महायुद्धामुळे इटलीचा पुरवठा विस्कळीत झाला होता, त्यामुळे नव्या मालाला गिऱ्हाईक तयारच होते. पुढील काही वर्षांत सिसिलीच्या साक्याचा व्यापार ओसरला. ज्या मालावर पिढ्यानपिढ्या पेढ्या चालल्या, त्याला प्रयोगशाळेतून पर्याय निघावा, हे आपल्याकडच्या निळीच्या बाबतीतही घडलेच होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलीन मोठ्या प्रमाणावर बनवण्याची वेळ आली, तेव्हा खोल टाक्यांत बुरशी वाढवण्याचा हाच अनुभव फायझरच्या कामी आला.

आज जगात दरवर्षी २० लाख टनांहून अधिक सायट्रिक आम्ल तयार होते. त्यात चीनचा वाटा सर्वांत मोठा असून भारतातही तेथून बराच माल येतो. कच्चा माल म्हणजे साखर कारखान्यातील मळी किंवा मका व टॅपिओका यांच्या स्टार्चपासून काढलेली साखर. पोलादाच्या उंच टाकीत हे द्रावण निर्जंतुक करतात, त्यात बुरशीचे बीज सोडतात आणि खालून अखंड हवा फुंकतात. द्रावणात लोह, मँगेनीज यांसारख्या धातूंचा अंश मर्यादेबाहेर गेला तर बुरशी नुसतीच फोफावते, आम्ल कमी देते. द्रावण पुरेसे आंबट नसले तर ती ऑक्झॅलिक आम्लही बनवू लागते, आणि ते विषारी असते. काही दिवसांनी टाकीतील बहुतांश साखरेचे आम्ल झालेले असते. मग बुरशी गाळून काढतात आणि पुढची कृती पुन्हा शेलेचीच. चुना, साका, गंधकाम्ल, जिप्सम. त्यानंतर कोळशाने रंग काढणे, आटवणे, स्फटिक करणे आणि वाळवणे. अंतिम स्फटिकांत बुरशी शिल्लक राहत नाही. खाद्य दर्जाच्या मालाची शुद्धता ९९.५ टक्क्यांहून कमी चालत नाही.

येथे जैन स्वयंपाकघरासमोर एक विलक्षण पेच उभा राहतो. रात्रभर आंबवलेले पीठ चलितरस म्हणून वर्ज्य मानणारी असंख्य घरे आहेत. यीस्ट असते म्हणून बाजारचा पाव न खाणारीही आहेत. अशा घरांत खमण करायचे तर पीठ आंबवत नाहीत. सोडा आणि लिंबूफूल घालून ते तत्काळ फुलवतात, आणि आंबवण्याचा दोष टळला असे समाधान मानतात. प्रत्यक्षात ते आंबवणे टळलेले नसते. ते आपल्या ओट्यावरून उठून दूरच्या कारखान्यातील टाकीत गेलेले असते, आणि तेही यीस्टऐवजी बुरशीच्या द्वारे. बाजारात मिळणाऱ्या ‘फ्रूट सॉल्ट’च्या पुडीतही सोड्याबरोबर हेच आम्ल असते. घटकांच्या यादीत ते ‘निम्बुकाम्लम्’ अशा भारदस्त संस्कृत नावाने वावरते, एवढेच.

मग लिंबूफूल भक्ष्य की अभक्ष्य? रसायनशास्त्र या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. ते फक्त वस्तुस्थिती मांडू शकते. अंतिम पदार्थ हा शुद्ध स्फटिक असून लिंबातील आम्लात आणि त्यात रेणूच्या पातळीवर काहीही भेद नाही, हे एक सत्य. त्याच्या निर्मितीसाठी बुरशीचे अगणित जीव वाढवले जातात आणि काम संपताच गाळून टाकले जातात, हे दुसरे सत्य. कोणते सत्य जड मानायचे, याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या नियमांनुसार आणि गुरुजनांना विचारून घ्यावा. मात्र विचारताना ‘लिंबाचे फूल चालते का’ असे विचारले, तर उत्तर लिंबाविषयीचे मिळेल.

पाकिटावरील हिरव्या ठिपक्याचा येथे उपयोग होत नाही. प्राण्यांपासून आलेला घटक नाही, एवढेच तो ठिपका सांगतो. दूध व दुधाचे पदार्थ त्यातून वगळलेले आहेत. बुरशी प्राणी नव्हे, म्हणून कायद्याच्या दृष्टीने हे आम्ल निःशंक शाकाहारी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खाद्यपदार्थांतील घटकांचे केवळ सांकेतिक क्रमांक न देता तो घटक वनस्पतीपासून, प्राण्यांपासून की प्रयोगशाळेतून आला हेही स्पष्ट करण्याचा आदेश दिला. त्या आदेशाचा रोख प्राणिजन्य घटकांवर होता आणि तो स्वागतार्ह आहे. परंतु बुरशीसाठी त्या तिन्ही रकान्यांत नीटशी जागा नाही.

लिंबूफूल नको म्हणून टार्टरिक आम्लाकडे वळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. नैसर्गिक टार्टरिक आम्लाचा प्रमुख स्रोत म्हणजे द्राक्षांची दारू मुरताना पिंपांच्या आत जमणारी पुटे. शिवाय ‘टाटरी’ हा शब्द बाजारात दोन्ही आम्लांना सर्रास लावला जातो, तेव्हा पाकिटावरील बारीक अक्षर वाचल्याखेरीज हाती काय आले ते कळत नाही.

व्यापाराच्या दृष्टीनेही या मालात लक्ष देण्याजोग्या गोष्टी आहेत. तो दोन रूपांत मिळतो, निर्जल आणि जलयुक्त. जलयुक्त स्फटिकांच्या वजनात सुमारे ८.६ टक्के पाणी असते. २५ किलोच्या पोत्यात सव्वादोन किलोला थोडे कमी इतके नुसते पाणी, आणि ते आम्लाच्या भावाने घेतलेले! दोन्हींच्या दरांची तुलना करताना हा हिशेब केला नाही, तर स्वस्त वाटलेला माल प्रत्यक्षात महाग पडतो. पावसाळ्यात दोन्ही प्रकारांना ओल लागून गठ्ठे होतात. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या डब्यात हा माल ठेवू नये. काच किंवा खाद्य दर्जाचे प्लास्टिक उत्तम. सफाईच्या कामासाठीचा तांत्रिक दर्जाचा माल खाण्यासाठी विकणे हा गुन्हाच आहे.

सर्वांत गंभीर धोका मात्र शेजारच्या बरणीचा. गंज काढण्यासाठी आणि फरशी चमकवण्यासाठी विकले जाणारे ऑक्झॅलिक आम्लही पांढरे, स्फटिकरूप आणि आंबट असते. ते पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी होऊन जीव जाऊ शकतो. नजरेने दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. सुट्या मालाच्या दुकानात ही दोन आम्ले एका फळीवर ठेवू नयेत, एका मापाने मोजू नयेत आणि नावाची चिठ्ठी न लावता कागदाच्या पुडीत तर मुळीच देऊ नयेत.

स्वयंपाकात प्रमाणाला महत्त्व आहे. १ ग्रॅम निर्जल लिंबूफुलाला खाण्याचा सोडा साधारण १.३ ग्रॅम लागतो, तेव्हा दोन्ही एकमेकांना पुरते संपवतात आणि वायू निघून पीठ फुलते. सोडा जास्त झाला तर हळद त्याच्या संपर्काने लाल होते. खमणावर दिसणाऱ्या तांबूस ठिपक्यांचे कारण हेच. साखरेच्या पाकात चिमूटभर लिंबूफूल घातले की साखरेचा काही भाग ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विभागला जातो आणि पाक पुन्हा दाणेदार होत नाही. पनीरसाठी, जॅम घट्ट होण्यासाठी, कापलेले सफरचंद काळे पडू नये म्हणूनही ते वापरतात. तांब्या-पितळेची भांडी आणि गीझरमधील क्षारांचा थर त्याने छान निघतो. संगमरवरावर मात्र त्याचा थेंबही पडू देऊ नये. संगमरवर हा मुळात चुन्याचाच दगड. आम्लाने तो खरवडल्यासारखा निस्तेज होतो आणि ती झळाळी पुसून परत येत नाही. देरासरातील फरशी पुसणाऱ्या सेवेकऱ्यांना हे आवर्जून सांगायला हवे.

या आम्लाविषयी भीती पसरवण्याचेही प्रकार झाले आहेत. १९७६ पासून फ्रान्समध्ये एक पत्रक हातोहात फिरत होते. व्हिलेजुइफ येथील नामांकित कर्करोग रुग्णालयाचा हवाला देऊन त्यात ‘ई ३३०’, म्हणजे हेच आम्ल, कर्करोगाला सर्वाधिक कारणीभूत असल्याचे छापले होते. रुग्णालयाने ते आपले नसल्याचे सांगूनही पत्रक वर्षानुवर्षे फिरत राहिले. त्याचे मूळ एका नावात असावे असे मानले जाते. शरीरातील पेशी अन्नापासून ऊर्जा मिळवतात त्या प्रक्रियेत सायट्रिक आम्ल सतत तयार होते व खर्ची पडते. १९३७ मध्ये हे चक्र उलगडून दाखवणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव हान्स क्रेब्स, आणि जर्मन भाषेत ‘क्रेब्स’ म्हणजे कर्करोग! क्रेब्स यांना १९५३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ते पत्रक आता मोबाईलवर नव्या रूपांत येत असते. प्रमाणात घेतलेल्या लिंबूफुलाने कर्करोग होत नाही. दातांवरील कवच मात्र वारंवारच्या आंबट पेयांनी व गोळ्यांनी झिजते, आणि त्याविषयी कोणी पत्रके काढत नाही.

ज्यांना लिंबूफूल वर्ज्य करायचे आहे, त्यांची अडचण ओल्या पदार्थांत होत नाही. खमण, पनीर, पाक या सर्वांना ताज्या लिंबाचा रस पुरतो. अडचण चिवड्यासारख्या कोरड्या जिनसांची आहे, कारण रसाने कुरकुरीतपणा जातो. तेथे आमचूर, वाळलेल्या आमसुलांची पूड किंवा डाळिंबदाण्यांची पूड उपयोगी पडते. माल थोडा काळपट दिसतो आणि चव निराळी येते. पण ‘लिंबूफूलरहित’ असे स्पष्ट लिहून विकल्यास त्याला गिऱ्हाईक मिळेल.

स्वयंपाकघराबाहेर मात्र त्याच्यापासून सुटका अवघड आहे. जुलाबावरील जलसंजीवनीच्या पुडीत, एक लिटर पाण्यासाठी, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. दमट हवेत आधीच्या सोड्यापेक्षा ते अधिक टिकते, म्हणून १९८४ पासून त्याची शिफारस झाली. आणि महावीर जन्मकल्याणकाच्या दिवशी गावोगावी भरणाऱ्या रक्तदान शिबिरांत दात्याचे रक्त ज्या पिशवीत उतरते, त्या पिशवीच्या तळाशी आधीच थोडे पारदर्शक द्रावण भरलेले असते. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घातलेले असते. तेही त्याच टाक्यांतून आलेल्या आम्लापासून बनते.